नव्या गावठाणातले म्हातारपण

गेल्या उन्हाळ्यात बुद्ध जयंती आटोपली आणि पुढच्याच रविवारी आम्हाला पवनी तालुक्यात जावे लागले. काम घरगुती होते. आमच्या वडिलांची चुलत बहीण, म्हणजे आमच्या आत्याबाई, तिकडे एका पुनर्वसन गावठाणात एकट्या राहतात. वय वर्षे शहात्तर. मुलगा नागपूरला एका कंपनीत कामाला आहे. त्याचाच फोन आला होता, "दादा, आई तुमचं ऐकते. तिला समजवा. नागपूरला घेऊन येतो म्हटलं तर ऐकत नाही. मार्चमध्ये पायरीवरून पडली. उद्या काही झालं तर कोण पाहील?"

मुलाची काळजी खोटी नव्हती. आत्याबाई पडल्या, हाड मोडले नाही हे नशीब म्हणायचे, पण पंधरा दिवस खाटेवर काढावे लागले. तेव्हा त्यांची समजूत घालून नागपूरला रवाना करायचे, असे ठरवूनच आम्ही निघालो. परत आलो तेव्हा आमचेच मत बदललेले होते. ते का बदलले हे, ज्यांचे आईवडील गावी आहेत आणि स्वतः शहरात आहेत अशा बंधू-भगिनींना सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच. गावाचे नाव मुद्दामच देत नाही. ज्यांच्या घरचे जेवलो त्यांना उद्या कोणी चारचौघांत विचारणा करू नये, इतकेच कारण.

भंडाऱ्याच्या बसस्थानकावरून पवनीची गाडी धरली. पहेला गेले, अड्याळ गेले. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, कुठे उन्हाळी धानाची कापणी चाललेली, कुठे तळाला गेलेला तलाव. गाडीत म्हाताऱ्या माणसांची बरीच गर्दी होती. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट झाले. गोष्ट चांगलीच आहे. पण आमच्या शेजारी बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "तिकीट फुकट हाय बाबू, पण गाडीची पायरी लय उंच हाय. दोघांनी वर ओढलं तवा चढली." आम्ही हसलो. पुढे हसू राहिले नाही.

गाडी गावात जात नाही, फाट्यावर सोडते. फाट्यावर ना शेड, ना झाड. एक पानठेला, तोही दुपारी बंद. आम्ही पडलो कारकून. बी. कॉम. होऊन कचेरीत बसल्यापासून मोजल्याशिवाय चैन पडत नाही. फाट्यापासून आत्याबाईंच्या दारापर्यंत पावले मोजली, ती चौदाशे भरली. मे महिन्याचे ऊन, रुंद सरळ रस्ता आणि टेकायला कुठेही जागा नाही. आमचे वय चाळीस पार, गुडघे शाबूत. तरी दारात पोचेपर्यंत जीव अर्धा झाला. मनात आले, तिकीट फुकट आहे, पण या बाईला फाट्यापर्यंत नेणार कोण?

हे गावठाण कसे झाले ते थोडक्यात सांगतो. वैनगंगेवर पवनी तालुक्यात गोसेखुर्द येथे धरण बांधायचे ठरले आणि २२ एप्रिल १९८८ रोजी तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले. अकरा किलोमीटरहून लांब भिंत, ३३ दरवाजे. भंडारा, नागपूर, चंद्रपूर या जिल्ह्यांतील अडीच लाख हेक्टर जमीन भिजवण्याचा बेत. पाणी टप्प्याटप्प्याने अडवत गेले आणि भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील ऐंशीहून जास्त गावांना आपली जागा सोडावी लागली. मोबदल्यासाठी, नोकऱ्यांसाठी, प्लॉटसाठी मोर्चे निघाले, उपोषणे झाली. त्या लढ्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. नव्या गावठाणात अठरा नागरी सुविधा द्याव्यात, अशी मागणी आजही ऐकू येते. रस्ते, नाल्या, नळयोजना, शाळा, समाजमंदिर, स्मशानशेड अशा त्या सुविधा. पण सत्तर-पंचाहत्तरीच्या माणसाचे त्या नव्या गावात रोजचे कसे निभते, हा प्रश्न मोर्चाच्या फलकावर आम्ही तरी कधी वाचला नाही. आम्ही स्वतः मोर्चात चाललो आहोत. आम्हालाही तो सुचला नव्हता.

आत्याबाईंचे जुने गाव आम्ही लहानपणी पाहिले आहे. शाळेच्या सुट्टीत आम्ही तिथे जायचो. कवेलूची घरे, पुढे छपरी, मागे सांधवाडी. आमच्या पुऱ्यातली गल्ली इतकी अरुंद की समोरासमोरच्या छपरीतल्या बाया आवाज न चढवता एकमेकींशी बोलत, मांडीवर सूप घेऊन बीड्या वळत. दर दोन घरांआड एक ओटा. लिंबाच्या झाडाखाली पार. सात घरे ओलांडली की विहार. किराणा दुकान विहाराच्या बाजूला. म्हातारे माणूस घरून निघाले की प्रत्येक ओट्यावर दोन मिनिटे टेकत, चौकशी करत, चौकशी करून घेत पोचायचे. कोण आज दिसले नाही, हे दुपारपर्यंत साऱ्या पुऱ्याला ठाऊक व्हायचे.

म्हणून जुने गाव म्हणजे सुखाचे आगर होते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. आमचा पुरा गावाच्या कडेला, नदीच्या अंगाला. वैनगंगेला पूर आला की पहिले पाणी आमच्या घरांत. पाटलांच्या विहिरीवर आत्याबाईंच्या आईला कधी चढू दिले नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांचा चांगलाच समाचार घेतला होता. तो का घेतला, हे आमच्या आज्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. तेव्हा जुन्या गावासाठी डोळे गाळायला आम्ही तिकडे गेलो नव्हतो.

नव्या गावठाणात प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटले गेले. त्यामुळे पुरा असा राहिला नाही. आत्याबाईंच्या उजव्या हाताला तेली समाजाचे घर आहे. समोर जे आबाजी राहतात ते त्या विहीरवाल्या पाटलांच्याच भावकीतले. गावाला कड राहिली नाही, ही आमच्या मते मोठी गोष्ट झाली. नळ दारात आला. आत्याबाई स्वतःच म्हणाल्या, "ह्ये बरं झालं बाबू. नळ माह्या दारात हाय. कोणाच्या तोंडाकडं पाहणं नाही." संडास अंगणात आहे. रात्री नदीकडे जाणे संपले. रस्त्यावर दिवे आहेत.

मग बिघडले कुठे? आम्ही तिथेच खाटेवर बसून हिशेब मांडला. आत्याबाई नाव सांगत गेल्या, दुपार कलल्यावर आम्ही पावले मोजून आलो. किराणा दुकान तीनशे पावले. कंट्रोलचे दुकान साडेसहाशे. आरोग्य उपकेंद्र आठशे. विहार नऊशे. फाटा चौदाशे. तरुण माणसाला हे काहीच नाही. जुन्या गावात बायकांनी याहून लांबून डोक्यावर पाणी आणले आहे.

संध्याकाळी आत्याबाईंना म्हटले, "चला, विहारापर्यंत जाऊन येऊ." त्यांचा चेहरा उजळला. पांढरे लुगडे नेसल्या, काठी घेतली. घराचे जोते चांगले उंच, त्याला तीन पायऱ्या, एकेक वीतभर उंच आणि धरायला काही नाही. याच पायऱ्यांवरून त्या पडल्या होत्या. आमचा हात धरून उतरल्या. रस्त्याला लागल्या. साधारण दीडशे पावले चालल्यावर थांबल्या. गुडघ्यावर हात ठेवून इकडे तिकडे पाहिले. दोन्ही बाजूंना कंपाउंडच्या भिंती, लोखंडी फाटके, फाटकाच्या आत घर. ओटा कुठेच नाही. विजेचा एक खांब होता. त्याला धरून त्या उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "इथवरच येतो मी. मंग वापस जातो."

आम्हाला एकाएकी कळले की या बाईचे सारे गाव आता घरापासून त्या खांबापर्यंत आहे. पुढच्या साडेसातशे पावलांत विहार आहे, मैत्रिणी आहेत, दुकान आहे. पण ते तिच्यासाठी जणू धरणाच्या पाण्यातच गेले. पायांतली ताकद जुन्या गावात होती तेवढीच असती तरी, टेकत टेकत जायला वाटेत ओटेच नाहीत.

परत येऊन बसल्यावर त्या हळूहळू बोलल्या. विहारात त्या आता फक्त बुद्ध जयंतीला आणि १४ एप्रिलला जातात, तेही कोणी मोटारसायकलवर नेले तर. मोटारसायकलची त्यांना भीती वाटते. जुन्या गावी रोज संध्याकाळची वंदना त्याच सांगायच्या. कंट्रोलच्या दुकानात अंगठ्याची मशीन आहे. आयुष्यभर बीड्या वळून बोटांच्या रेषा झिजल्या, त्यामुळे अंगठा एका वेळी उमटत नाही. मग पुन्हा या म्हणतात. पुन्हा साडेसहाशे पावले. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे दीड हजार बँकेत जमा होतात, पण काढून आणायला कोणाला तरी सांगावे लागते. मीठ, तेल, चहापत्ती आणायला शेजारच्या पोराला सांगावे लागते.

"पोरगं चांगलं हाय," आत्याबाई म्हणाल्या, "नाही म्हणत नाही. पण रोज रोज कायले सांगू? मंग मी संध्याकाळचा चहाच सोडला. चहापत्ती पुरते."

वाचकहो, हे वाक्य ऐकून आम्ही खाली मान घातली. बाई उपाशी नाही, आजारी नाही, मुलाने टाकलेली नाही. पण मागावे लागू नये म्हणून ती आपली गरजच कमी करत चालली आहे. आज संध्याकाळचा चहा गेला. उद्या भाजी जाईल, परवा औषधाची गोळी जाईल. नागपुरात बसून फोनवर "बरी आहेस ना?" असे विचारणाऱ्याला हे कळणार कसे? ती "बरी हाय" म्हणते.

मग नागपूरला का जात नाही? आम्ही हाही हिशेब केला. मुलाचे घर आम्ही पाहिले आहे. तिसरा मजला, अठ्ठेचाळीस पायऱ्या, लिफ्ट नाही. नवरा-बायको दोघे कामावर, मुले शाळेत आणि शिकवणीला. आदल्या वर्षी आत्याबाई तिथे दोन महिने राहून आल्या. जेवणाखाण्याची आबाळ नव्हती, सूनबाईंनी जिवापाड केले. पण दोन महिन्यांत त्या चार वेळा खाली उतरल्या. "तठी मले घर राखाले ठेवल्यावानी वाटे," त्या म्हणाल्या. "इथं निदान खांबापावत तरी जातो."

म्हणजे एकीकडे खांबापर्यंतचे गाव, दुसरीकडे अठ्ठेचाळीस पायऱ्यांवरची खोली. आपण घरोघरी भांडतो ते आई कोणाकडे राहणार यावर. ती जिथे राहील तिथे दाराबाहेर पडू शकेल का, हे मात्र कोणी विचारत नाही.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली म्हाताऱ्या माणसांना सोयीची शहरे कशी असावीत याची एक मार्गदर्शिका काढली. त्यासाठी जगातील ३३ शहरांतील वृद्धांना बोलते केले होते. आपल्या देशातील दिल्ली आणि उदयपूर त्यांत होती. त्यांनी आठ विषय मांडले, त्यांत मोकळ्या जागा व इमारती, वाहतूक आणि घर हे पहिले तीन. मग लोकांत मिसळणे, मान-सन्मान, कामात सहभाग, माहिती आणि आरोग्यसेवा. श्रीमंत देश असो की गरीब, म्हातारी माणसे साध्याच गोष्टी सांगत होती. बसायला बाक हवा, जवळ संडास हवा, रस्ता ओलांडता यावा, गाडीत चढता यावे. त्याच संघटनेने २०१५ साली म्हातारपणावर एक अहवाल काढला. त्याचे सार आपल्या भाषेत असे, की माणसाच्या हातून काय होते ते त्याच्या अंगातल्या शक्तीवर जेवढे अवलंबून, तेवढेच तो राहतो त्या जागेवर अवलंबून. अंगातली शक्ती वयाने घटणारच. जागा मात्र आपल्या हातात आहे.

आणि हा प्रश्न मूठभरांचा नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या बारा लाख होती आणि दर पाच माणसांत चार खेड्यात राहणारी. तरुण मुले नागपूर, पुणे, मुंबई अशी कामाला जातात. मागे कोण राहते ते आपण जाणतोच. पुनर्वसनाचीच गावे कशाला? भंडारा, लाखनी, साकोली ही गावे महामार्गावर आहेत. रस्त्याच्या अल्याड घर आणि पल्याड दवाखाना असलेल्या म्हाताऱ्याला विचारा, तो तुम्हाला हेच सांगेल.

रात्री मुलाला फोन लावला. आम्ही सांगितले ते त्याला आवडले नाही. "दादा, तुम्हाला समजवायला पाठवलं आणि तुम्ही तिचीच बाजू घेता. पुन्हा पडली तर रात्री कोण धावून येईल? तुम्ही भंडाऱ्याहून?" त्याचे म्हणणे रास्त होते. आमच्याकडे उत्तर नव्हते. शेवटी सहा महिन्यांचा करार झाला. सहा महिने आत्याबाईंनी इथे राहायचे. पण पायरीला आधार बसवायचा, संडासात धरायला दांडी लावायची, आणि रोज सकाळी उजव्या हाताच्या शेजारीण वहिनींनी एक हाक मारायची. पावसाळ्यातला चिखलाचा महिना नागपूरला काढायचा. सहा महिन्यांनंतर पुन्हा बसून ठरवायचे. आत्याबाई हे सारे ऐकत होत्या. म्हणाल्या, "अन् बसाले जागा?"

दुसऱ्या दिवशी आम्ही कचेरीत रजा टाकली आणि विहारातल्या चार-पाच तरुणांना गाठले. त्यांना पावलांचा हिशेब दाखवला. विहार नऊशे पावलांवर आणि आजी एका दमात दीडशे चालते. म्हणजे वाटेत पाच बाक पाहिजेत. एवढे सोपे गणित. त्यांच्यातला एक गवंडीकाम करतो. त्याने मजुरी न घेता काम अंगावर घेतले. रस्त्याला अडथळा होऊ नये अशा पाच जागा ग्रामपंचायतीला विचारून ठरवल्या. विटांचे दोन ठोकळे, वर जाड फरशी. आम्ही एकच अट घातली की उंची दीड फूट असावी आणि एका बाजूला हात टेकायला उंचवटा असावा. बाक फार बुटका झाला तर म्हातारे माणूस बसते, पण उठू शकत नाही.

हिशेब असा: पाच बाकांच्या सामानाला साडेचार हजार, पायरीच्या लोखंडी पाइपाला चौदाशे, संडासातल्या दांडीला साडेतीनशे. एकूण सहा हजार दोनशे पन्नास. जमा: मुलाकडून दोन हजार, विहाराच्या दानपेटीतून पंधराशे, आमच्याकडून पंधराशे, गल्लीतल्या घरांकडून साडेसातशे. उरलेले पाचशे समोरच्या आबाजींनी स्वतः आणून दिले. कोणी मागितले नव्हते. त्यांचेही गुडघे आत्याबाईंइतकेच गेलेले आहेत.

बाकाच्या रंगावरून पोरांत थोडा वाद झाला. काहींचे म्हणणे निळाच द्यायचा. काही म्हणाले, निळा दिला तर बाकीचे लोक बसणार नाहीत, मग साऱ्या गावासाठी केले असे कसे म्हणता येईल? आत्याबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "ज्याचे पाय दुखन तो बसन. रंग कोणता पाहतो?" बाक निळे झाले.

जानेवारीत आम्ही पुन्हा गेलो. फाट्यावर शेड अजून झालेले नव्हते. चौदाशे पावले पुन्हा उन्हातच, फक्त हिवाळ्याच्या. दारात पोचलो तर कुलूप! काळजाचा ठोका चुकला. शेजारीण वहिनी बाहेर येऊन म्हणाल्या, "विहारात गेल्या असतील, नाही तर वाटेत असतील." आम्ही त्या दिशेने निघालो. तिसऱ्या बाकावर आत्याबाई बसल्या होत्या. शेजारी समोरचे आबाजी, दोघांच्या काठ्या भिंतीला टेकवलेल्या. कोणाच्या तरी नातीच्या लग्नाचे बोलणे चालले होते. आम्ही "जयभीम आत्याबाई" म्हटले. त्यांनी "जयभीम" म्हटले. आबाजी बाजूला सरकले आणि आम्हाला म्हणाले, "बसा ना."

ज्यांच्या विहिरीवर आत्याबाईंच्या आईला चढू दिले नाही, त्यांच्या भावकीतला माणूस निळ्या बाकावर सरकून आम्हाला जागा देत होता. एवढ्याने जात गेली, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण जे पाहिले ते लिहिले.

विहारापर्यंत जायला आम्हाला दहा मिनिटे लागतात. आत्याबाईंना पस्तीस लागली. पण त्या स्वतःच्या पायांनी गेल्या, दार ढकलून आत गेल्या आणि वंदना सांगितली. आठ-दहा माणसे होती, त्यांत चार म्हाताऱ्या. बाक झाल्यावर त्याही येऊ लागल्या, असे पोरांनी सांगितले. परत येताना आत्याबाई किराणा दुकानावर थांबल्या आणि कमरेच्या पिशवीतून पैसे काढून चहापत्तीचा पुडा घेतला. संध्याकाळी आम्हाला चहा मिळाला. असा गोड चहा आम्ही फार दिवसांत घेतला नव्हता.

सगळेच सुटले, असे नाही. बाकांशेजारी लावलेल्या पाच लिंबांपैकी तीन बकऱ्यांनी खाल्ले, दोन उभे आहेत. भर उन्हाळ्यात बाक तापणार, तेव्हा सकाळ-संध्याकाळशिवाय उपयोग नाही. अंगठ्याची मशीन अजून दोन-दोन फेऱ्या करायला लावते. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत फाट्यावर शेड व्हावे, असा ठराव तेवढा झाला. मुलगा अजूनही रोज फोनवर विचारतो. पण आता तो "बरी आहेस ना?" असे विचारत नाही, "आज कितव्या बाकापर्यंत गेलीस?" असे विचारतो. ही युक्ती त्याची स्वतःची.

समाजबांधवांना आमची विनंती एवढीच. वस्तीसाठी निधी येतो तेव्हा आपण सिमेंट रस्ता, नाली, समाजमंदिर मागतो. ते मागावेच. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाचा पैसा हा आपला हक्क आहे. पण मागणीच्या अर्जात पुढच्या दोन ओळी जोडा: वाटेत बसायला बाक, विहाराच्या पायरीला कठडा आणि एका बाजूने उतार. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा ग्रामसभेत ठरतो. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी या दिवशी ग्रामसभा होतात, तिथे म्हाताऱ्या माणसांना घेऊन जा आणि त्यांनाच बोलू द्या. ६५ वर्षांवरील गरजू वृद्धांना काठी, चष्मा, गुडघ्याचा पट्टा अशा साधनांसाठी एकरकमी तीन हजार रुपये देण्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना राज्य शासनाने २०२४ साली आणली. तिची चौकशी करा. काही अडचण असेल तर ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे.

विहार बांधताना आपण मूर्तीची उंची, कमानीची उंची यावर चर्चा करतो. पायरीची उंचीही एकदा मोजा. ज्या आयांनी मूठमूठ धान्य जमवून, बीडीच्या मजुरीतून पैसा बाजूला काढून विहारे उभी केली, त्याच आज पायरी चढवत नाही म्हणून बाहेर राहत असतील, तर ती चूक त्यांच्या गुडघ्यांची नाही.

येत्या रविवारी एक काम करा. घरातल्या किंवा शेजारच्या म्हाताऱ्या माणसाबरोबर त्यांच्या चालीने विहारापर्यंत चाला. हात धरून घाई करू नका, मागे मागे चाला. ते जिथे थांबतील आणि टेकायला काही शोधतील, ती जागा लक्षात ठेवा. तिथे बाक हवा आहे.